नेपाळमध्ये आधी उंची विचारायची

आमच्या आंब्याच्या बागेत दर वर्षी दिवाळी सरली की नेपाळहून राखणदार येतात आणि पाऊस लागायच्या आत परत जातात. रत्नागिरीपासून देवगडपर्यंत बागायतदारांकडे हे चित्र आता नेहमीचं झालं आहे. आमच्याकडे गेली आठ वर्षं येणारे दादा नेपाळच्या सुदूर पश्चिमेतल्या अछाम जिल्ह्यातले. पहिल्या वर्षी मी त्यांना सहज विचारलं होतं, "दादा, तुमच्या गावात बर्फ पडतो का हो?" ते जरा घुटमळले आणि म्हणाले, "दिदी, कुठे? बेंसीत की लेकात?"

बेंसी म्हणजे नदीकाठची सखल, उबदार जमीन. लेक म्हणजे गावाच्या डोक्यावरची उंच, थंड डोंगररांग. दादांचं घर या दोन्हींच्या मधे, उतारावर. बेंसीत भाताचं शेत, घराभोवती मका आणि नाचणी, आणि उन्हाळ्यात मेंढ्या चरायला लेकावर. बर्फ लेकावर दर वर्षी पडतो, घराच्या अंगणात एखाद्याच वर्षी, बेंसीत कधीच नाही. आणि हे सगळं एकाच गावाच्या हद्दीत, माणूस सकाळी निघून संध्याकाळी परत येईल एवढ्या अंतरात.

मला त्या दिवशी कळलं की माझा प्रश्नच अपुरा होता. नेपाळबद्दल हवा, जेवण, घर, कपडे, देव, भाषा असं काहीही विचारायचं असेल, तर आधी विचारायला हवं: किती उंचीवर? हा एक प्रश्न हातात धरला की तो देश बराचसा उलगडतो. हा लेख त्या एका प्रश्नाला धरूनच लिहिला आहे.

नेपाळचं क्षेत्रफळ आहे १,४७,५१६ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही थोडं कमी. आकार लांबट: पूर्व-पश्चिम आठशे किलोमीटरांहून जास्त, पण दक्षिण-उत्तर रुंदी सरासरी दोनशे किलोमीटरच्या आतच. या चिंचोळ्या पट्ट्याच्या दक्षिण कडेला जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम ६० मीटरवर आहे आणि उत्तर कडेला सगरमाथा, म्हणजे एव्हरेस्ट, ८,८४८.८६ मीटरवर. (हा आकडा नेपाळ आणि चीनने डिसेंबर २०२० मध्ये एकत्र जाहीर केला.) आम्हा कोकणातल्या माणसांना हे कळायला सोपं जावं. आंबा घाट चढून वर गेलं की हवा बदलते, बोली बदलते, भाताच्या जागी ज्वारीची भाकरी येते. आता तोच घाट दहा-बारा पट उंच आहे अशी कल्पना करा.

उंचीचे तीन पट्टे नेपाळी माणूस शाळेतच शिकतो: तराई, पहाड आणि हिमाल. तराई म्हणजे दक्षिणेचं सपाट मैदान, उत्तर प्रदेश-बिहारच्या मैदानाचाच पुढचा भाग. पहाड म्हणजे मधला डोंगराळ प्रदेश. आणि हिमाल म्हणजे बर्फाचे डोंगर. इथे शब्दांचा एक नेमकेपणा आहे. बर्फ कायम राहत नसेल तर तीन हजार मीटरच्या डोंगरालाही तिथे कुणी 'हिमाल' म्हणणार नाही. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. तिकडे तेवढ्या उंचीच्या धारेवर लोक घरं बांधून राहतात आणि तिला नुसतं 'डाँडा' म्हणतात.

उंचीने हवा का बदलते? वर हवा विरळ होते, विरळ हवा कमी उष्णता धरून ठेवते. ढोबळ हिशेब असा की दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं. काठमांडू दिल्लीपेक्षा थोडं दक्षिणेलाच आहे, पण १,४०० मीटरवर आहे. त्यामुळे मे महिन्यात दिल्ली आणि तराई भाजून निघत असताना काठमांडूत पंखा पुरतो. याचा उलटा गैरसमजही तेवढाच पक्का आहे: काठमांडू म्हणजे बर्फ. काठमांडू शहरात २००७ च्या फेब्रुवारीत बर्फ पडला तेव्हा जवळपास सहा दशकांनी पडला होता आणि लोक रस्त्यावर धावत आले होते.

तराईतली थंडी तर अजून वेगळी. डिसेंबर-जानेवारीत मैदानावर दाट धुकं बसतं ते आठ-आठ, दहा-दहा दिवस हलत नाही. सूर्यच दिसत नाही. त्याला तिकडे शीतलहर म्हणतात, आणि अंगावर पुरेसं पांघरूण नसलेली गरीब माणसं तिच्यात दर वर्षी दगावतात. त्याच वेळी वर पहाडात आकाश निळंशार असतं आणि लोक अंगणात उन्हाला बसून संत्री सोलत असतात.

उन्हावरून आठवलं. नेपाळी भाषा देवनागरीतच लिहितात, त्यामुळे आपण ती वाचू शकतो आणि अर्धीअधिक समजल्यासारखीही वाटते. तिथेच फसायला होतं. पहिल्या थंडीत दादा सकाळी पडवीच्या पायरीवर बसून म्हणाले, "घाम तापतोय." मला वाटलं, त्यांना ताप आला. नेपाळीत 'घाम' म्हणजे ऊन, आणि 'घाम ताप्नु' म्हणजे उन्हात बसून अंग शेकणं. शब्द मुळात एकच, संस्कृत 'घर्म', उष्णता. आमच्या दमट किनाऱ्यावर उष्णता म्हटली की अंगातून निथळणारं पाणी आठवतं, त्यांच्या थंड उतारावर आभाळातून येणारी ऊब. हवामान भाषेत कसं मुरतं याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

आता पाऊस. नेपाळच्या वर्षभराच्या पावसातला सुमारे ८० टक्के जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. आपल्याकडे मान्सून नैर्ऋत्येकडून अरबी समुद्रावरून येतो. नेपाळमध्ये तो बंगालच्या उपसागरावरून येतो आणि पूर्वेकडून शिरतो. म्हणून पूर्वेचा इलाम-झापा भाग आधी भिजतो आणि दादांच्या सुदूर पश्चिमेला वाट बघावी लागते. हिवाळ्यात गंमत उलटी होते. तेव्हा पश्चिमेकडून येणारे विक्षोभ, म्हणजे कमी दाबाचे पट्टे, पाऊस-बर्फ घेऊन येतात, आणि त्यांचा वाटा पश्चिम नेपाळला जास्त मिळतो. रब्बीचा गहू त्यावर जगतो.

पण खरा चमत्कार बघायचा तर मध्य नेपाळमधल्या पोखरा शहराकडे चला. पोखऱ्याजवळ लुम्ले नावाचं गाव आहे. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, देशातला सगळ्यात जास्त. तिथून उत्तरेला सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर मुस्ताङ जिल्ह्यातलं जोमसोम. तिथे आणि त्याच्याही वरच्या भागात वर्षाला तीनशे मिलिमीटरही होत नाही. मधे उभे आहेत अन्नपूर्णा आणि धौलागिरी. ढग दक्षिणेकडून येतात, या भिंतीला अडून वर चढतात, थंड होतात आणि सगळं पाणी अलीकडेच ओतून रिकामे होतात. महाबळेश्वरला धो धो आणि माणदेशात टँकर, हा आपल्या ओळखीचा पर्जन्यछायेचाच खेळ. फक्त इथली भिंत आठ हजार मीटरची आहे, त्यामुळे पलीकडे नुसता दुष्काळी भाग न राहता खरंखुरं वाळवंट तयार होतं: पिवळे-तांबडे उघडे डोंगर, आणि जिथे बर्फाच्या ओढ्याचं पाणी पाटाने आणलंय तेवढाच सातूचा आणि फापराचा (म्हणजे कुट्टूचा) हिरवा तुकडा.

या भिंतीला एकच खिंड आहे, काली गंडकी नदीची. नदी अडीच हजार मीटरवरून वाहते आणि दोन्ही बाजूंना आठ हजार मीटरच्या वरची शिखरं. नदीने एवढा डोंगर कापला कसा? उत्तर असं की नदी डोंगराआधीची आहे. भारताचा भूखंड तिबेटखाली रेटला जात राहिला, जमीन हळूहळू वर येत गेली आणि नदी तितक्याच चिकाटीने ती कापत राहिली. या खिंडीतून दर दिवशी दुपारच्या आत जोरदार वारा सुटतो. सकाळच्या उन्हाने तिबेटचं पठार तापतं, तिथली हवा वर जाते, आणि तिची जागा घ्यायला दक्षिणेची हवा या एका नळकांड्यातून ओढली जाते. म्हणून जोमसोमची विमानं फक्त सकाळी उडतात, आणि तिथली घरं एकमेकांना खेटून, वाऱ्याकडे पाठ करून बांधलेली असतात.

आणि याच काली गंडकीच्या पात्रात शाळीग्राम मिळतात. माझ्या माहेरच्या देव्हाऱ्यात एक आहे. काळा, गुळगुळीत, एका बाजूला फुटल्यासारखा, आणि आत बघितलं तर चक्राची बारीक वळणं. आजी रोज त्याला पंचामृताने न्हाऊ घालायची आणि तुळशीच्या लग्नात तोच नवरदेव. ती वळणं म्हणजे समुद्रातल्या अॅमोनाइट नावाच्या शंखासारख्या जिवाची, जो सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी जगला आणि गाळात गाडला गेला. आज जिथे हिमालय आहे तिथे तेव्हा टेथिस समुद्र होता. समुद्राचा तळ उचलला जाऊन जगातले सगळ्यात उंच डोंगर झाले, त्याचा पुरावा आपण पिढ्यान्‌पिढ्या ताम्हनात ठेवून पूजत आलो आहोत. मला तर हे कळल्यापासून त्या दगडाबद्दलची भक्ती वाढलीच आहे.

भारताचा तो सरकता भूखंड अजून थांबलेला नाही. ताण साठतो आणि केव्हातरी सुटतो. २५ एप्रिल २०१५ ला दुपारी बाराच्या सुमारास ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला तो असाच. केंद्र गोरखा जिल्ह्यात होतं, सुमारे नऊ हजार माणसं गेली. शनिवार होता, शाळांना सुट्टी होती. नाहीतर मुलांचं काय झालं असतं, हे तिथली माणसं आजही बोलून दाखवतात.

इथवर डोंगरांबद्दल झालं, आता माणसांकडे. सगळ्यात आधी एक आकडा, कारण तो डोक्यातलं चित्र पार बदलतो. २०२१ च्या जनगणनेनुसार नेपाळची लोकसंख्या २ कोटी ९१ लाख. त्यातले ५३ टक्क्यांहून जास्त लोक तराईत राहतात, सुमारे ४० टक्के पहाडात, आणि हिमाली जिल्ह्यांमध्ये फक्त ६ टक्के. म्हणजे नेपाळ म्हटल्यावर आपल्याला जे दिसतं, बर्फ, याक, लोकरी टोप्या, ते सोळा माणसांतल्या एकाचं आयुष्य आहे. उरलेल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या दारात आंब्याचं आणि केळीचं झाड आहे.

तराईत एवढी वस्ती पूर्वी नव्हती. तिथे घनदाट जंगल होतं आणि त्या जंगलात औलो, म्हणजे मलेरिया. पहाडी माणूस उन्हाळ्या-पावसाळ्यात तिथे रात्र काढायला धजत नसे. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहत होते ते थारू लोक, ज्यांच्यात या तापाला तोंड द्यायची शक्ती इतरांपेक्षा जास्त होती. १९५० आणि ६० च्या दशकांत डीडीटी फवारून मलेरिया आटोक्यात आणला गेला आणि पहाडातून लोंढे खाली उतरले. थारूंच्या कितीतरी जमिनी त्यात गेल्या. याच तराईत पूर्वेला मिथिला आहे, जनकपूर आहे, सीतेचं माहेर. तिथे मैथिली बोलतात, छठ करतात, भिंतींवर चित्रं काढतात. मध्यावर लुंबिनी, बुद्धाचं जन्मस्थान, जिथे अशोकाचा स्तंभ आजही उभा आहे. आणि चितवनच्या जंगलात एकशिंगी गेंडे. गेंड्याच्या आणि सीतेच्या नेपाळला आपण बर्फाच्या चित्रात कुठे बसवणार?

जनगणनेत १४२ जाती-जमाती आणि १२४ मातृभाषा नोंदल्या आहेत. नेपाळी ही मातृभाषा असलेले लोक निम्म्यापेक्षा कमी, सुमारे ४५ टक्के. दऱ्या इतक्या खोल की समोर दिसणाऱ्या गावात जायला दिवसभर उतरा आणि दिवसभर चढा. अशा ठिकाणी प्रत्येक खोऱ्यात भाषा वेगळी वाढली यात नवल नाही.

इथे मला एका शब्दाबद्दल मनापासून बोलायचं आहे. आपल्याकडे कुठल्याही नेपाळी माणसाला 'गुरखा' म्हणतात. सोसायटीचा गुरखा, बागेतला गुरखा, एटीएमचा गुरखा. गुरखा ही जात नाही आणि धंदाही नाही. गोरखा हे पहाडातल्या एका जुन्या संस्थानाचं नाव. तिथल्या पृथ्वीनारायण शाहांनी १७६८-६९ मध्ये काठमांडूचं खोरं जिंकून आजच्या नेपाळचा पाया घातला. पुढे ब्रिटिशांशी लढाई झाली, १८१६ मध्ये सुगौलीचा तह पक्का झाला, आणि या लढवय्यांना ब्रिटिश आपल्या फौजेत घेऊ लागले. भरती होत ती मुख्यतः मगर, गुरुङ, राई, लिंबू या समाजांतून. या प्रत्येकाची भाषा वेगळी, देव वेगळे, लग्नाची रीत वेगळी. आमच्या बागेतल्या दादांचा त्यांच्यापैकी कुणाशीच संबंध नाही. त्यांना पहिली दोन वर्षं सगळे 'गुरखा' अशीच हाक मारत आणि ते ओ देत. नेपाळीत बोलताना समोरच्याच्या मानाप्रमाणे तँ, तिमी, तपाईं, हजुर अशा चार पायऱ्या आहेत, आणि अनोळखी माणसालाही दाइ, भाइ, दिदी, बहिनी असं नातं लावूनच हाक मारतात. अशा भाषेतून आलेल्या माणसाला आपण कसली हाक मारत होतो, हे कळल्यावर मला फार वाईट वाटलं.

पृथ्वीनारायण शाहांचं एक वाक्य नेपाळमध्ये सगळ्यांना पाठ असतं: नेपाळ म्हणजे दोन दगडांमधला तरुल. तरुल म्हणजे कणगरासारखा कंद. एका बाजूला चीन, दुसऱ्या बाजूला हिंदुस्थान, मधे हा मऊ कंद, सांभाळून राहायचं. राजेशाही २००८ मध्ये संपली, आता देश गणराज्य आहे, सात प्रदेश आणि ७७ जिल्हे, पण हे वाक्य अजून बोललं जातं. घड्याळ भारताच्या पंधरा मिनिटं पुढे आणि कारभाराचं पंचांग विक्रम संवताचं, जे इसवी सनाच्या ५६-५७ वर्षं पुढे चालतं. दादांच्या नागरिकत्वाच्या कागदावर जन्माचं साल २०३६ आहे. आमच्या बँकेतल्या बाईंना ते समजावून सांगायला मला अर्धा तास लागला.

गोरखा हे नाव आलं गोरखनाथांवरून, आणि इथे आपला नेपाळशी खरा धागा जुळतो. मच्छिंद्रनाथ आणि गोरखनाथ आपल्याकडे घरोघर माहीत आहेत. बीड जिल्ह्यात मायंबाला मच्छिंद्रनाथांची समाधी मानतात. काठमांडूच्या शेजारी पाटण शहरात, ज्याला ललितपूर म्हणतात, त्याच मच्छिंद्रनाथांचा रथ दर वर्षी वैशाखात निघतो, आणि त्याची गोष्ट थेट पावसाची आहे.

गोष्ट अशी. गोरखनाथ खोऱ्यात आले, त्यांचा मान राखला गेला नाही. ते पाऊस आणणाऱ्या नागांना आसनाखाली दाबून समाधी लावून बसले. बारा वर्षं थेंब पडला नाही. गोरखनाथांना उठवायचं कुणी? ते उठणार फक्त गुरूसमोर. मग राजा नरेंद्रदेव, बंधुदत्त नावाचे बौद्ध तांत्रिक आचार्य आणि एक शेतकरी असे तिघे कामरूपापर्यंत, म्हणजे आसामपर्यंत, जाऊन मच्छिंद्रनाथांना घेऊन आले. गुरूला बघून गोरखनाथ नमस्काराला उठले, नाग सुटले, पाऊस आला. राजा, आचार्य आणि शेतकरी तिघेही हवेत, पावसाचं काम एकट्याचं नाही, ही या कथेतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट.

रथ साठेक फूट उंच, वेतानं आणि दोरांनी बांधलेला, वर हिरव्या फांद्या. माणसं दोर ओढतात तेव्हा तो शिखरासारखा डुलत, घरांच्या कौलांना घासत पुढे सरकतो. आत तांबड्या रंगाची मूर्ती, म्हणून 'रातो मच्छिंद्रनाथ'. हिंदूंना ते नाथ, बौद्धांना तेच करुणामय अवलोकितेश्वर. दोर एकच. जत्रा संपते ती भोटो दाखवून. भोटो म्हणजे रत्नं जडवलेली बंडी, ती गर्दीला चारी बाजूंनी दाखवतात, आणि तोवर पावसाळा उंबरठ्यावर आलेला असतो.

हे सगळं घडवणारे नेवार लोक, काठमांडू खोऱ्याचे मूळ रहिवासी. खोऱ्याची जमीन सुपीक, शिवाय तिबेट-भारत व्यापाराची वाट तिथूनच जायची. पैसा आला, कला आली. एकावर एक छपरांची देवळं, लाकडाची कोरीव खिडकी, पितळेच्या मूर्ती. तेराव्या शतकात अरनिको नावाचा नेवार कारागीर तिबेटमार्गे कुबलाई खानाच्या दरबारात पोचला. त्याने बांधलेला पांढरा स्तूप बीजिंगमध्ये आजही उभा आहे. हिंदू आणि बौद्ध धर्म नेवारांमध्ये इतके एकमेकांत विणलेले आहेत की काठमांडूची कुमारी, जिला तलेजू भवानीचं रूप मानून पुजतात, ती लहानगी मुलगी शाक्य या बौद्ध घराण्यातली असते.

आणखी वर जाऊ. साडेतीन हजार मीटरच्या पुढे भात पिकत नाही, गाय-म्हैस टिकत नाही. तिथे सातू, बटाटा, फापर आणि याक. याक हा शब्द फक्त नराचा, मादीला नाक म्हणतात, म्हणून 'याकचं दूध' म्हटलं की तिकडे लोक हसू आवरतात. उत्तर मुस्ताङ, डोल्पा, हुम्ला या भागांत सगळ्या भावांनी मिळून एकीशी लग्न करायची जुनी रीत होती, ती आता मागे पडते आहे. ऐकायला विचित्र वाटतं. पण पाटाच्या पाण्याखालची जमीन एवढीशी, ती चार भावांत वाटली तर कुणाचंच पोट भरणार नाही. एक भाऊ शेतावर, एक याकांमागे, एक मिठाच्या व्यापाराला तिबेटात, घर एकच, जमीन एकच.

शेर्पा याच उंचीवरचे. शेर्पा म्हणजे हमाल किंवा वाटाड्या नव्हे, ती एक जमात आहे. शब्दाचा अर्थ पूर्वेकडचे लोक. साधारण पाचशे वर्षांपूर्वी ते पूर्व तिबेटमधून सोलुखुंबू भागात आले. त्यांची नावं बहुधा जन्मवाराची असतात: निमा रविवारी, दावा सोमवारी, मिङ्मा मंगळवारी, ल्हाक्पा बुधवारी, फुर्बा गुरुवारी, पासाङ शुक्रवारी, पेम्बा शनिवारी. मुलगा असो की मुलगी, नाव तेच. सगरमाथ्यावर पोचणारी पहिली नेपाळी महिला पासाङ ल्हामू शेर्पा, १९९३ साली. नाव शुक्रवारचं. साडेपाच हजार मीटरवर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. आपलं शरीर अशा ठिकाणी घाबरून रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवत सुटतं, रक्त दाट होतं. तिबेटी वंशाच्या लोकांच्या जनुकांत असा एक बदल आहे की त्यांचं रक्त तसं प्रमाणाबाहेर दाट होत नाही. खालच्या माणसाला वर जे होतं त्याला पहाडात साध्या शब्दांत म्हणतात, 'लेक लाग्यो', डोंगर बाधला. डोकं दुखतं, जेवण जात नाही, झोप लागत नाही. उपाय एकच, खाली उतरणं. हौसेने ट्रेकला जाणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी लक्षात ठेवावं.

जेवणाकडे वळते, कारण ते आम्ही आठ वर्षं एकत्र करतो आहोत. पहाडात भेटल्यावर 'कसे आहात' च्या जागी 'खाना खानुभयो?' विचारतात. दाल, भात, तरकारी, लोणचं हे रोजचं, दोन वेळचं. पण भात हा बेंसीचा, वरच्या गावात तो परवडायचा नाही. तिथे ढिंडो: उकळत्या पाण्यात नाचणीचं किंवा फापराचं पीठ सोडत लाकडी उलथन्याने घोटायचं, हात दुखेपर्यंत. नाचणीला ते कोदो म्हणतात. ढिंडोबरोबर गुन्द्रुक. मोहरीच्या जातीची पाला-भाजी कोमेजवून, कुटून, बरणीत दाबून आंबवायची आणि मग कडक वाळवायची. हिवाळ्यात हिरवं काही मिळत नाही तेव्हा त्याचं आंबट कालवण. आम्ही पावसाळ्यासाठी आगोटीची बेगमी करतो, ही त्यांची थंडीची आगोटी. दादांनी एकदा पिशवीतून काळसर दाणे काढले, टिमुर. मी एक चावला आणि जीभ झिणझिणली. तिरफळच! तंतोतंत तेच नव्हे, पण त्याच कुळातलं. तेव्हापासून बांगड्याच्या कालवणात कधी आमचं तिरफळ, कधी त्यांचं टिमुर.

सणही असेच अर्धे ओळखीचे. त्यांचा दशैं घटस्थापनेला सुरू होतो, आपल्यासारखंच धान्य पेरतात, पण ते उगवलेले सातूचे पिवळे अंकुर, जमरा, दहाव्या दिवशी वडीलधाऱ्यांच्या हातून डोक्यावर आणि कानामागे खोवले जातात, कपाळावर दही-तांदूळ-कुंकवाचा जाड टिका. तिहारात, म्हणजे दिवाळीत, एक दिवस कावळ्याचा, एक कुत्र्याचा. कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालून त्याला ओवाळतात. आणि भाद्रपदातली तीज तर आपल्या हरतालिकेच्याच दिवशी.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. दादांच्या अछामसह सुदूर पश्चिमेत छाउपडी नावाची प्रथा आहे. पाळी आलेल्या बाईने घराबाहेरच्या गोठ्यात किंवा झोपडीत राहायचं, कडाक्याच्या थंडीतही. धुराने गुदमरून, साप चावून बायका मेल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती बंद करायला सांगितलं, २०१७ मध्ये तिला गुन्हा ठरवणारा कायदा झाला. दादांच्या बायकोने घराजवळची झोपडी स्वतःच्या हातांनी पाडली, हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात अभिमान होता.

त्या एकट्याच घर चालवतात, कारण वर्षाचे सात महिने दादा इथे असतात. २०२१ च्या जनगणनेच्या वेळी सुमारे २२ लाख नेपाळी देशाबाहेर होते. आखातात, मलेशियात, आणि भारतात, जिथे १९५० च्या करारामुळे त्यांना पारपत्र लागत नाही. बाहेरून येणारा पैसा देशाच्या उत्पन्नाच्या जवळपास चौथ्या हिश्शाएवढा आहे. रत्नागिरीच्या मच्छीमार बोटींवरही आता नेपाळी खलाशी दिसतात, ज्यांच्या देशाला समुद्रच नाही.

डोंगरातली शेती आता पूर्वीसारखी भरवशाची राहिलेली नाही. हिमनद्या वितळून त्यांच्या पायथ्याशी तळी साठतात आणि ती फुटतात. ऑगस्ट २०२४ मध्ये शेर्पांच्या थामे गावातली कितीतरी घरं अशाच पुरात गेली. मुस्ताङमध्ये तर दोन उलट्या गोष्टी एकदम चालू आहेत. बर्फ कमी पडतो म्हणून ओढे आटले आणि साम्जोङ नावाचं गाव पाण्यासाठी दुसरीकडे हलवावं लागलं. आणि जिथे वर्षाकाठी शिंतोडे पडायचे, म्हणून लोकांनी मातीची सपाट धाबी बांधली, तिथे आता केव्हातरी मुसळधार कोसळतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कागबेनीत आलेल्या पुराने घरं आणि पूल वाहून नेले. जी छपरं पिढ्यान्‌पिढ्या त्या उंचीच्या हवेला बरोब्बर जुळलेली होती, ती गळायला लागली आहेत.

यंदा दादा मेच्या अखेरीस निघाले. शेवटची पेटी भरून झाली आणि त्यांनी आपली ट्रंक बांधली. रत्नागिरीहून मुंबई, तिथून दिल्ली, मग बनबसाची सरहद्द ओलांडून तराई, आणि तिथून बसने वर, मग शेवटचा टप्पा पायी. असारच्या, म्हणजे त्यांच्या आषाढाच्या, पंधराव्या दिवशी नेपाळमध्ये धान दिवस, सगळे चिखलात उतरून रोपं लावतात आणि दही-पोहे खातात. त्याच्या आत त्यांना बेंसीत पोचायचं होतं. परवा फोन आला. इकडे पाऊस लागला होता, मी विचारलं, "दादा, तिकडे पाऊस?"

"बेंसीत पडतो, दिदी," ते म्हणाले. "लेकावर अजून घाम आहे."